सारख्या आकाराचे लाडू

गेल्या वैशाखातल्या एका दुपारी माझी भाची मुक्ता सुदामानगरहून रामबागेतल्या आमच्या घरी आली, ती लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावूनच. इंदूरचे ऊन त्या दिवशी असे तापले होते की अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता, आणि घरभर उकडलेल्या कैऱ्यांचा आंबट वास पसरला होता. पंखा मोठा करून ती खुर्चीवर बसली, थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलली, आणि मग माझ्याकडे न पाहताच तिने विचारले, "मामा, घरच्या वायफायवर आपण काय वाचलं, ते घरात कुणाला कळतं का?" मी गेली अठरा वर्षे सॉफ्टवेअर तपासणीच्या कामात आहे आणि अशा प्रश्नाला गरजेपेक्षा लांब उत्तर देण्याची मला सवय आहे. त्या दिवशी तिचा चेहरा पाहून मी स्वतःला आवरले. काय वाचायचे आहे, हे विचारले नाही. तिच्या लॅपटॉपवर टॉर ब्राउझर, म्हणजे आपली वाट जगभरच्या संगणकांच्या जाळ्यातून फिरवून आपण कोण, कुठून आलो ते लपवणारा ब्राउझर, बसवून दिला, जोडणी झाल्याची खात्री करून घेतली आणि पन्हे आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तिथे मुद्दाम वेळ काढला. वेलदोडे कुटलेलेच होते, ते पुन्हा कुटले.

परत आलो तेव्हा मुक्तासमोर नऊ चित्रांची चौकट होती. ज्या चित्रांत पादचारी पट्टे आहेत ती निवडा, असे तिला सांगितले जात होते. तिने ती निवडली, मग बसगाड्या निवडल्या, मग पुन्हा पट्टे. चौथ्या की पाचव्या फेरीनंतर पान कोरे झाले आणि तुमच्या पत्त्यावरून संशयास्पद वर्दळ होत असल्यामुळे प्रवेश देता येत नाही, अशा अर्थाची एक ओळ उमटली. दुसऱ्या संकेतस्थळावर तेच, तिसऱ्यावरही तेच. पंधरा-वीस मिनिटे तिने प्रयत्न केला असेल. मग तिने लॅपटॉप मिटला, पन्ह्याचा पेला दोन्ही हातांत धरला आणि शांतपणे म्हणाली, "राहू दे, मामा."

तिला काय वाचायचे होते, ते मला आजही माहीत नाही.

तिच्या त्या दोन शब्दांनी मला पुढे कित्येक रात्री झोप लागू दिली नाही, कारण ज्या दारांतून तिला परत फिरावे लागले, त्याच दारांतून माझे एक यंत्र काही वर्षे रोज रात्री ये-जा करत होते. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्याकडे एका ग्राहकाचे काम आले होते. त्यांचा माल युरोपातही विकला जात असे, आणि २५ मे २०१८ पासून तिथे विदासंरक्षणाचा, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा, नवा कायदा लागू झालेला असल्यामुळे जर्मनीतून किंवा फ्रान्समधून येणाऱ्या वाचकाला माहिती गोळा करण्याची परवानगी मागणारी संमतीची पाटी नीट दिसते की नाही, हे रोज तपासणे आवश्यक होते. इंदूरमध्ये बसून पाहिले तर संकेतस्थळ भारतीय चेहरा दाखवणार, हे उघड होते. तेव्हा मी सेलेनियमची, म्हणजे ब्राउझर माणसाऐवजी यंत्राकडून चालवून घेणाऱ्या साधनाची, स्क्रिप्ट लिहिली. आमच्या धंद्यातल्या माणसाला सेलेनियम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; २००४ साली शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी ते सुरू केले, आणि मर्क्युरी (म्हणजे पारा) नावाच्या प्रतिस्पर्धी कंपनीवरून, पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा म्हणून त्याला हे नाव पडले. स्क्रिप्ट फायरफॉक्स उघडी, बटणे दाबी, पाने खाली सरकवी, स्क्रीनशॉट घेई आणि फोल्डरमध्ये ठेवी. तिचा मार्ग टॉरमधून वळवणे हे काम तर दहा ओळींचेही नव्हते. आपल्याच संगणकावर टॉर चालू ठेवायचा, ब्राउझरला सॉक्स प्रॉक्सी, म्हणजे निरोप पोहोचवणारा मध्यस्थ, म्हणून १२७.०.०.१ हा घरचाच पत्ता आणि ९०५० हे पोर्ट द्यायचे, की झाले. बाहेर पडण्याचे दार कोणत्या देशातले हवे, हे संयोजनाच्या फाइलीत एका ओळीत लिहिता येते. पहिल्या दिवशी इंदूरच्या माझ्या खोलीत, बाहेर पाऊस कोसळत असताना, पडद्यावर जर्मन भाषेतली संमतीची पाटी उमटली, तेव्हा मला झालेला आनंद मी आजही नाकारत नाही.

टॉरमधून जाणारी प्रत्येक विनंती तीन टप्प्यांनी जाते. पहिल्या टप्प्याला ती कुणाकडून आली ते कळते, पण कुठे निघाली आहे ते कळत नाही. तिसऱ्याला ती कुठे निघाली आहे ते कळते, पण कुणाकडून आली ते कळत नाही. मधल्याला या दोन्हींतले काहीच कळत नाही. निघतानाच तिच्यावर एकावर एक अशी सांकेतिक आवरणे चढवलेली असतात, आणि प्रत्येक टप्पा आपल्या वाट्याचे एक आवरण तेवढे काढतो. हे मी कागदावर प्रथम समजून घेतले तेव्हा मला माझ्या आजीची आठवण झाली, आणि ती आठवण सुखाची नव्हती.

हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. आमच्या वाड्याच्या मागच्या गल्लीत एक कुटुंब राहत असे. त्यातले काका मिलच्या विणाई खात्यात होते. महिनाभरात त्या घराची कळा बदलली. दूध बंद झाले, मुलाची शिकवणी बंद झाली, पण काकांनी कुणाकडून चार आणेही घेतले नसते, हे सगळ्या गल्लीला माहीत होते. पुढच्या महिन्यात संक्रांत आली. संक्रांतीला तिळाच्या लाडवात नाणे घालून गुप्तदान करायची आजीच्या माहेरची चाल होती, आणि त्या वर्षी तिने नाण्यांऐवजी आपल्या पेटीतले चांदीचे रुपये काढले. मला आठवते ते तिचे लाडू वळणे. पाक हाताला पोळत होता, तरी ती प्रत्येक लाडू वाटीने मोजून घेत होती. रुपया असलेला आणि रुपया नसलेला लाडू हातात घेतला, तर बोटांना फरक कळता कामा नये, म्हणून रिकाम्या लाडवांत तिने खोबऱ्याच्या कातळ्या घातल्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. हे सगळे कशासाठी, ते मला तिने सांगितले नाही. डबा दोन फडक्यांत बांधून तिने माझ्या हातात दिला आणि गणपतीच्या देवळात गुरवकाकांना दे म्हणाली. देवळात त्या संध्याकाळी दहा-बारा घरांतून तिळगुळाचे डबे आलेले होते आणि ते आणणारी मुले ओट्यावर दंगा करत होती. बाहेरच्या गाठीत 'शांताबाईकडे' एवढीच चिठ्ठी होती. शांताबाई आमच्याकडे आणि आणखी चार घरी भांडी घासत असत. आतल्या फडक्याच्या गाठीत कुणाचे नाव होते, ते शांताबाईंनी मला फार पुढे, आजी गेल्यानंतर सांगितले.

मला डबा कुणाचा ते ठाऊक होते, पण जाणार कुठे ते ठाऊक नव्हते. शांताबाईंना कुठे द्यायचा ते ठाऊक होते, पण कुणाचा ते ठाऊक नव्हते. रस्त्यात कुठेच चूक नव्हती. चूक माझ्या तोंडाने केली. दुसऱ्या दिवशी पतंग उडवताना त्या काकांच्या मुलाने सांगितले की त्याला लाडवात रुपया सापडला, आणि मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "आमच्या आजीच्या लाडवांत असतातच रुपये." संध्याकाळी डबा परत आला. आत रुपये होते, धुऊन पुसून ठेवलेले, एकही कमी नाही. आजी मला रागावली नाही. तिने ते रुपये पेटीत ठेवले, पेटीला कुलूप लावले आणि देवापुढे दिवा लावायला गेली. त्या कुटुंबाने वर्षभरातच इंदूर सोडले.

कुलूप लागल्याचा तो आवाज मला २०१९ मध्ये पुन्हा ऐकू आला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. स्क्रिप्ट सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर मी सहज म्हणून माझ्या संगणकातून बाहेर पडणारी पाकिटे, म्हणजे माहितीचे तुकडे, तपासत होतो. सगळा मजकूर टॉरमधून जात होता, तपासणीच्या पानावर जोडणी टॉरचीच असल्याचे येत होते, आणि तरीही प्रत्येक संकेतस्थळाचे नाव उघड्या अक्षरांत माझ्या नेहमीच्या इंटरनेट सेवेकडे जात होते. पान मागवण्याआधी ब्राउझर त्या नावाचा आकडी पत्ता विचारतो, आणि तो प्रश्नही प्रॉक्सीकडूनच विचारला जावा, यासाठी फायरफॉक्समध्ये एक वेगळी सूचना चालू करावी लागत होती. ती मी चालू केलेली नव्हती. म्हणजे रस्ता तीन टप्प्यांचा, आवरणे तीन, आणि निघण्याआधी दारात उभे राहून जोराने सांगायचे, की मी अमुक घरी निघालो आहे. आमच्या कामात त्याने काहीच बिघडले नाही, कारण आम्हाला लपायचे नव्हतेच, जर्मनीतून पाहायचे होते. पण हीच सूचना विसरून कुणी आपले नाव लपवण्यासाठी या मार्गावर विसंबला असता तर, या विचाराने मी त्या रात्री बराच वेळ बसून राहिलो. स्वतःच्या हाताने जोडलेली अशी व्यवस्था बाहेरून पूर्ण दिसते आणि आतून गळत असते. टॉरचा स्वतःचा ब्राउझर निराळा मिळतो, तो यासाठीच.

या जाळ्याचा जन्मच एका अडचणीतून झाला, आणि ती अडचण मला त्याच्या सगळ्या गणितापेक्षा जास्त शिकवून गेली. १९९५ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लॅग, मायकेल रीड आणि पॉल सायव्हरसन यांनी आवरणांच्या या मार्गाची कल्पना मांडली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन सायव्हरसन यांच्याबरोबर आले आणि २००२ मध्ये टॉरचे जाळे सुरू झाले. पण असे जाळे फक्त नौदलाच्या लोकांनी वापरले, तर त्यातून बाहेर येणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच ठरतो. आवरणे कितीही चढवा, रस्त्यावर एकटा चालणारा माणूस ओळखू येतोच. म्हणून ते सर्वांसाठी खुले करणे भाग होते. पत्रकार, विद्यार्थी, आजारी माणसे, घरातल्या कुणाला भिणारी मुलगी, सगळे एकाच वाटेने जातील तेव्हाच त्यातला प्रत्येक जण लपेल. अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यासमोर झांक्या, म्हणजे चित्ररथ, पाहायला लोटलेल्या गर्दीत मी लहानपणी एकदा हरवलो होतो. वडील माझ्यापासून वीस हातांवर उभे होते आणि मला दिसत नव्हते. ती गर्दी कुणी कुणाला लपवण्यासाठी जमलेली नव्हती, तरीही तिने लपवले. टॉरमधला मजकूर मुळात ५१२ बाइटच्या सारख्या तुकड्यांत कापून पाठवला जात असे, हे वाचले तेव्हा मला आजीची वाटी आणि खोबऱ्याच्या कातळ्या डोळ्यांसमोर दिसल्या. टॉर ब्राउझरची खिडकीसुद्धा ठरावीक मापांतच उघडते, हेतू हाच की कुणाचीही खिडकी दुसऱ्यापेक्षा वेगळी दिसू नये.

या सारखेपणात माझी स्क्रिप्ट बसत नव्हती. ती दर थोड्या वेळाने टॉरला नवी ओळख मागे. ती सूचना लागोपाठ दिली तरी टॉर दहा सेकंदांच्या आत पुन्हा मानत नाही, म्हणून मी तिला अकरा सेकंद थांबायला शिकवले होते. पत्ता बदले, देश बदले, पण चाल तीच राही. माणूस पान वाचताना रेंगाळतो, मागे येतो, चुकीच्या जागी बोट ठेवतो. ती दर पानावर मोजून तीन सेकंद थांबे. शिवाय यंत्राने चालवलेला ब्राउझर आपण यंत्राच्या ताब्यात असल्याचे संकेतस्थळाला स्वतःहून सांगतो. वेबड्रायव्हर या, यंत्राने ब्राउझर चालवण्याच्या पद्धतीच्या प्रमाणित मसुद्यातच तशी तरतूद आहे, आणि मला ती फार सभ्य वाटते. आमच्याकडे दारी येणारा बहुरूपी पोलिसाचा वेश करी, पण शेवटी टोपी काढून आपण बहुरूपी असल्याचे सांगत असे आणि मगच हात पुढे करी. एका तरुण सहकाऱ्याने ती खूण पुसून टाकण्याची युक्ती शोधली, कारण खुणेमुळे काही पाने अडत होती. ती युक्ती मी मंजूर केली. आपल्याच ग्राहकाचे संकेतस्थळ तपासायचे आहे, कुणाचे नुकसान नाही, असे मी तेव्हा म्हणालो होतो. पण त्या संकेतस्थळापुढचा, यंत्रांना अडवणारा पहारा ग्राहकाचा नव्हता. तो भाड्याने घेतलेला होता आणि तोच पहारा इतर असंख्य संकेतस्थळांच्या दारावरही उभा होता.

तिसऱ्या टप्प्याची दारे थोडी आहेत. टॉर चालवणारे हजारो स्वयंसेवक जगभर आहेत, परंतु त्यांतले बहुतेक पहिला किंवा मधला टप्पा सांभाळतात, कारण शेवटच्या दारातून जे काही बाहेर पडते त्याची तक्रार त्या दाराच्या मालकाकडे येते. या दारांच्या पत्त्यांची यादी कुणालाही पाहता येते. ती लपवलेली नाही, आणि लपवू नये असेच टॉरचे धोरण आहे. एकाच दारातून एका वेळी अनेक अनोळखी माणसे बाहेर पडतात आणि पलीकडच्या पहारेकऱ्याला ती सगळी एकाच पत्त्याची दिसतात. त्यांतल्या एकाने दार धडाधडा वाजवले, की पहारेकरी सगळ्यांनाच अडवतो. आमची स्क्रिप्ट रोज रात्री पाच देशांच्या दारांतून चाळीस-चाळीस पाने उघडत असे. सकाळी फोल्डर उघडले की काही दिवस त्यात संमतीच्या पाटीऐवजी चित्रांच्या चौकटीचेच स्क्रीनशॉट असत. 'आपण माणूस आहात हे सिद्ध करा' या वाक्याची दोनशे छायाचित्रे मी एकदा एका झटक्यात पुसून टाकली होती, आणि नापास तपासण्यांचा आकडा वाढू नये म्हणून त्या चाचण्या पुन्हा चालवल्या होत्या. म्हणजे दार बंद झाले तर दुसरे ठोठावले, तेही बंद झाले तर तिसरे.

माझ्याच स्क्रिप्टमुळे मुक्ताला परत फिरावे लागले, असे मी सिद्ध करू शकत नाही. या वाटेने चोरटी यंत्रेही जातात. दुसऱ्यांची खाती फोडायला, किमती उपसायला, मतपेट्या भरायला. त्यांच्या तुलनेत आमची दोनशे पाने म्हणजे काहीच नाही. पण डबा परत आला तेव्हाही मी एकच वाक्य बोललो होतो.

कार्यालयात हा विषय मी काढला तेव्हा त्याच तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, आपण एकटे थांबून काय फरक पडणार आहे?" प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला इतकेच विचारले की सकाळी गाणे वाजवत कचऱ्याची गाडी येते तेव्हा तू ओला आणि सुका कचरा वेगळा देतोस, तो कशाच्या हिशेबाने? त्याच्या लहानपणी सराफ्याच्या चाटवाल्यांसमोर पत्रावळींचे ढीग पडत, आणि आज त्याच रस्त्यावर रात्री माणसे गराडू खाऊन द्रोण टाकायला टोपली शोधत जातात. त्याने उत्तर दिले नाही, पण दोन दिवसांनी फ्रँकफर्ट आणि पॅरिस इथल्या भाड्याच्या सर्व्हरांचे दर त्यानेच काढून आणले. रक्कम फार नव्हती. आता आमची तपासणी त्या सर्व्हरांवरून चालते, आमच्याच नावाच्या पत्त्यांवरून, आणि यंत्राची खूण आम्ही पुन्हा चालू केली आहे. ग्राहकाने पहारेकऱ्याला सांगून ते पत्ते आत घेण्याची व्यवस्था केली. खरे तर हे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. ज्या कामाला नाव लपवण्याची गरजच नव्हती, त्यासाठी आम्ही ज्यांना ती गरज आहे त्यांची जागा अडवून बसलो होतो.

टॉरमधून स्क्रिप्ट चालवूच नये, असे मात्र मला म्हणायचे नाही. कुठल्या देशात कोणती संकेतस्थळे अडवली जातात, हे मोजण्याचे काम ऊनी नावाचा प्रकल्प २०१२ पासून करतो, आणि तसल्या मोजणीला यंत्राशिवाय पर्याय नाही. एखादे वृत्तपत्र आपला कांदा-पत्ता, म्हणजे टॉरच्या आतलाच पत्ता, चालवत असेल तर तो रोज उघडतो की नाही हे यंत्रानेच पाहावे. ती विनंती शेवटच्या दारातून बाहेर पडतच नाही, तेव्हा कुणाची वाट अडत नाही. फरक मला आता एवढाच दिसतो, की ते काम त्या वाटेवाचून होण्यासारखे आहे का, हे आधी पाहावे. आमचे होण्यासारखे होते.

पावसाळ्यात मी घरच्या संगणकावर स्नोफ्लेक बसवले. ज्या देशांत टॉरची वाटच अडवली जाते, तिथल्या माणसाला माझ्या ब्राउझरमधून पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचता येते; शेवटचे दार माझ्याकडे नसते, त्यामुळे तक्रारीची भीती नाही. कोपऱ्यातली हिमकणाची खूण एरवी जांभळी असते, कुणी जोडले गेले की हिरवी होते. कोण आहे, कुठून आले, काय वाचते आहे, हे मला कळत नाही. रात्री दिवा मालवण्यापूर्वी मी एकदा तिकडे पाहतो. बहुतेक रात्री ती हिरवी असते.

या संक्रांतीला मुक्ता लाडू वळायला आमच्याकडे आली होती. पाक पोळतो म्हणून तिने बोटांना तूप लावले होते आणि आजीचीच पितळी वाटी घेऊन ती मापाने तीळ काढत होती. त्या वाटीचे काय, ते मी तिला कधी सांगितलेले नाही. ताटात वीसेक लाडू झाल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "मामा, ते तुम्ही बसवून दिलेलं, ते अजून चालतं का?"

"हळू चालतं," मी म्हणालो. "कधी कधी अडतं. अडलं तर नवा मार्ग मागायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा पाहायचं."

तिने मान डोलावली, वाटी पुन्हा तिळात बुडवली आणि कडेला आलेले चार दाणे बोटाने आत लोटून ती काठोकाठ सपाट केली.